जागा यंत्र ओळखेल, इतिहास कोण सांगणार?

वस्तीतल्या बायकांना घेऊन एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात गेले होते. तिथल्या ऑडिओ गाईडवर मूर्तीशेजारचा आकडा दाबला की माहिती ऐकू येते. सोबतच्या आजीने यंत्र माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाली, "पोरी, मला आकडे कळत असते तर पाटीच नसती का वाचली?"

आता आकडा दाबायची गरज उरलेली नाही. छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो, म्हणून दालनांत ब्लूटूथचे छोटे बीकन बसवतात. प्रत्येक बीकन आपला क्रमांक सतत हवेत सोडतो. सिग्नल किती जोरकस आहे यावरून मोबाईल जागा ओळखतो आणि माहिती आपोआप सुरू होते. त्या आजीसाठी ही चैन नाही, समतेचा प्रश्न आहे. "आपल्या स्मारकांत हे चोचले कशाला?" म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

पण "हायटेक झालं" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला, कानात बोलणार कोण? त्याच दिवशी बुद्धमूर्तीसमोर यंत्राने सांगितलं, हा विष्णूचा नववा अवतार! 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक नेमकी हेच नाकारते. आकड्याच्या यंत्रात बटण न दाबण्याची मुभा तरी होती. आपोआप चालणारा आवाज विचारत नाही, तुम्ही उभे राहिलात की सुरू होतो. 1952 मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात रेडिओवरून ऑडिओ गाईड सुरू झाला, तेव्हा सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकच निवेदन ऐकायचे. आज प्रत्येकाला आपल्या वेळेला ऐकता येतं, पण संहिता लिहिण्याचा अधिकार अजून मूठभरांकडेच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सिंहदत्त या गंध विकणाऱ्याचं दान कोरलेलं आहे, सामी नावाच्या सुताराचं नावही आहे. राजांची नावं सांगणारा आवाज या माणसांपाशी थांबणार की पुढे जाणार?

दुसरा प्रश्न गर्दीचा. ब्लूटूथच्या लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं. रिकाम्या दालनात अचूक चालणारी यंत्रणा खच्चून भरलेल्या दालनात चुकते, शेजारच्या वस्तूची माहिती सांगू लागते. आपले लोक स्मारकांवर येतात ते 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला, लाखोंनी. ज्या दिवशी आपण येतो त्याच दिवशी बंद पडणारी यंत्रणा आपल्यासाठी बनवलेली नसते.

तिसरा प्रश्न पाळतीचा. बीकन स्वतः काही ऐकत नाही, फक्त क्रमांक सोडतो. पण मोबाईलमधलं ॲप कोण कुठे किती वेळ थांबलं याची नोंद सर्व्हरवर पाठवू शकतं. चळवळीतल्या पोरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून तंत्राला विरोध नको, अटी घाला. निवेदनाची संहिता आधी जाहीर करा. ती लिहिताना पाली आणि शिलालेखांचे अभ्यासक आणि बौद्ध समाजाचे लोक बसवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना काउंटरवर मोफत यंत्र द्या, तेही आधार कार्ड न मागता. आवाज थांबवायचं एक मोठं बटण ठेवा. जागेचा हिशेब मोबाईलमध्येच व्हावा, नोंद बाहेर जाऊ नये. आणि चाचणी गर्दीच्या दिवशी घ्या.

तुमच्या जिल्ह्यात स्मारक किंवा संग्रहालयाचं काम सुरू असेल, तर पुतळ्याची उंची विचारून थांबू नका. निविदेत ऑडिओ गाईड आहे का, त्याची संहिता कोण लिहितंय, हे माहिती अधिकारात विचारा. बांधकाम पूर्ण झाल्यावर विचाराल, तोवर रेकॉर्डिंग झालेलं असेल. आणि पुढच्या खेपेला आजीच्या कानात पुन्हा तोच नववा अवतार बोलेल.

जय भीम!