टायर घरी बदलता येतो, पण घाई नको

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मोताळ्याकडून राजूर घाट चढून कामावर येणारा गवंडी असो, की मेहकरजवळच्या खेड्यात शिकवायला जाणाऱ्या बाई असोत, घरची चूल तिच्यावर अवलंबून असते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आपल्या वाट्याला तेच घाट, तीच खडी आणि शेतवाटेवरचे बाभळीचे काटे. अशा रस्त्यावर घरच्यांचा जीव ज्या रबरावर असतो, त्याच्याकडे आपण सर्वांत शेवटी पाहतो. सीटला नवे कव्हर येते, टायर मात्र गुळगुळीत होईपर्यंत चालतो.

टायर संपला हे कसे ओळखावे? टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. वरचा भाग झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायरचे आयुष्य संपले. पावसात खाचांतूनच पाणी बाजूला जाते; खाचा नसल्या की ब्रेक लावताच गाडी घसरते. नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आणखी एक आकडा महत्त्वाचा. मापापुढे ५४ लिहिले असेल तर तो टायर पूर्ण हवेवर २१२ किलो भार पेलतो. ४७ असेल तर १७५ किलो. यात गाडीचे वजनही आले. मागे बायको, मधे मूल आणि वर धान्याचे पोते म्हटले की बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकामागे एकच माणूस बसवता येतो. दोघे बसणार असतील तेव्हा मागच्या चाकात किती हवा हवी, हे गाडीच्या पुस्तकात वेगळे दिलेले असते. तेवढी भराच.

आता प्रत्यक्ष काम. ही रीत तारांच्या रिमची आणि ट्यूबच्या टायरची आहे. ट्यूबलेस टायर घरच्या पंपाने रिमला धरत नाही आणि अलॉय रिमची कड पट्टीने खराब होते. ते काम दुकानातच करून घ्यावे.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. मागचे चाक काढताना आधी ब्रेकचा रॉड, मग ब्रेकचे झाकण धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आणि शेवटी एक्सलचा नट सोडवा. निघालेले नट, वायसर, बुश फडक्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका.

व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. चाक गोणपाटावर आडवे ठेवा आणि टाचेने दाबून टायरची कड रिमपासून सुटी करा. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो, त्यातच सगळी युक्ती आहे. व्हॉल्व्हच्या समोरची कड त्या खोलगटात दाबून धरली की व्हॉल्व्हजवळची कड पट्टीने सहज वर येते. जोर लागत असेल तर समोरची कड वर सरकली असे समजावे.

जुना टायर निघाला की रिमची रबरी पट्टी शाबूत आहे का, तारेचे टोक वर आले आहे का, हे पाहा. नव्या टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. रंगाचा ठिपका असेल तर तो सहसा टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्व्हजवळ ठेवा. ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा आणि पावडर लावा. कड बसवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. पट्टी खोल घालू नका, ट्यूब चिमटते. हवा भरा, सोडा, पुन्हा भरा. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

बॅलन्सिंगला यंत्रच लागते असे नाही. ब्रेकचे झाकण काढून चाक एक्सलवर घाला आणि एक्सलची टोके दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवा. चाक हळूच फिरवून सोडा. जी बाजू दर वेळी खाली येऊन थांबते ती जड. तिच्या बरोबर समोरच्या तारेला, रिमजवळ, रेडिओ दुरुस्तीची सोल्डर तार थोडी थोडी गुंडाळा. चाक कुठेही थांबू लागले की झाले. वर चिकटपट्टी लावा. या तारेत शिसे असू शकते; हात साबणाने धुवा, उरलेला तुकडा मुलांच्या हाती देऊ नका.

चाक परत बसवताना खरी जबाबदारी येते. ब्रेकची ती लोखंडी पट्टी जोडायची राहिली किंवा तिचा नट सैल राहिला, तर ब्रेक दाबताच झाकण फिरते आणि चाक जाम होऊ शकते. घाटउतारावर हे जीवावर बेतते. म्हणून तो नट आणि त्याची पिन दोनदा तपासा. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. आधी एकट्याने अंगणात ब्रेक दाबून पाहा, मगच रस्त्यावर जा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले दीडशे किलोमीटर सावकाश चालवा. दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा एकदा पाहा.

हे काम करताना मुलालाच नव्हे, मुलीलाही शेजारी बसवा आणि पाना तिच्याही हातात द्या. उद्या गाडी तीही चालवणार आहे. आणि एवढे सगळे एकदा स्वतः केले, की नाक्यावरचा पंक्चरवाला मजुरी मागेल तेव्हा त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावीशी वाटणार नाही.