फुकट जाहिरातीची किंमत

लहान उद्योजकाने समाजमाध्यमांवर रोज काही ना काही टाकलेच पाहिजे, असा उपदेश हल्ली सर्रास केला जातो. परिणामी, फराळ विकणारी गृहिणी दिवसभर चकल्या तळते आणि रात्री जागून त्यांची चित्रफीत तयार करते. हे माध्यम फुकट आहे, ही समजूत भ्रामक होय. इन्स्टाग्राम २०१० साली आले, व्हॉट्सॲपची व्यावसायिक आवृत्ती २०१८ साली. दोहोंना प्रवेशमूल्य नाही. परंतु तेथे खर्ची पडणारा तास जमाखर्चाच्या वहीत उमटत नाही, इतकेच. अर्थशास्त्र त्यालाच संधी खर्च म्हणते.

माहिती विपुल झाली की लक्षाचे दुर्भिक्ष निर्माण होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा रोजचा भडिमार ग्राहकालाही नकोसाच असतो.

यावर उपाय नियोजनाचा. महिन्याच्या आरंभी एकाच बैठकीत आठवड्याला एक विषय ठरवावा. दिवाळीपूर्वीच्या चार आठवड्यांत अनुक्रमे दरपत्रक, भाजणीची कृती, मागणी नोंदविण्याची अंतिम तारीख आणि माल पोहोचविण्याचे वेळापत्रक द्यावे. एकच छायाचित्र दोन्हीकडे वापरावे. महिनाअखेर पसंतीचे आकडे न मोजता मागण्या किती आल्या ते पाहावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण केवळ पैशापुरती नाही. ती वेळेलाही लागू आहे. पैसा पुन्हा मिळविता येतो, गेलेली रात्र नाही.