चाकूचे पाते पारखताना

चाकू या विषयावर लिहिणाऱ्याकडे लोक किंचित संशयानेच पाहतात. त्यातून तो कला शाखेचा असला तर विचारायलाच नको! शास्त्र शाखेच्या मंडळींनी बेडूक कापावेत, वाणिज्य शाखेच्या मंडळींनी खिसे कापू नयेत म्हणजे झाले. पण शब्दांवर निर्वाह करणाऱ्या आमच्यासारख्यांनी पोलादाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याला माझे उत्तर असे की, लेखणी आणि चाकू यांचे घर पूर्वी एकच होते. बोरू तासायचा, त्याचे टोक तिरपे छाटायचे, ते झिजले की पुन्हा छाटायचे, हे काम चाकूवाचून होत नसे. तिकडे इंग्रजांचीही तीच कथा. पिसाच्या लेखणीला टोक करण्यासाठी जे लहान पाते असे, त्यावरूनच ‘पेननाइफ’ हा शब्द रूढ झाला. तेव्हा या विषयावर आमचाही थोडा वारसाहक्क आहे.

खिशात मिटून ठेवण्याचा चाकू घेताना बहुतेकजण पाते उघडतात आणि प्रथम टोकावर बोट टेकवून पाहतात. टोक टोचले की चाकू चांगला! माझे मत नेमके याच्या उलट आहे. पाहायची ती धारेची रेषा. ती सरळ आहे की बाहेर फुगलेली, म्हणजे पात्याला पोट आहे की नाही, यावर चाकूचा सगळा स्वभाव ठरतो.

पोटाचा उपयोग काय, हे समजायला आपल्या घरातली विळी पुरेशी आहे. विळीचे पाते वाकडे असते, म्हणून भाजी पुढे ढकलली की ती धारेवर तिरपी घसरत जाते आणि कमी जोरात चिरली जाते. जनावराचे कातडे सोडवणाऱ्यालाही असेच पोट लागते. याउलट पेन्सिलीला टोक करणे, सुतळी तोडणे, पार्सलाचा कागद फाडणे, जाड पुठ्ठा पट्टी लावून कापणे या कामांत सरळ धार अधिक आज्ञाधारक असते. हाताचा जोर धारेच्या सगळ्या लांबीवर सारखा पडतो आणि पाते निसटत नाही. शिवाय सरळ पाते दगडावर सपाट बसते, त्यामुळे नवशिक्यालाही धार लावता येते. पोटाच्या पात्याला टोकाकडे जाताना मूठ हळूहळू उचलावी लागते, आणि तिथेच पुष्कळांची धार बिघडते.

या निरनिराळ्या आकारांची तुलना एकाच मुठीत करायची असेल तर अमेरिकेतील गुरे पाळणाऱ्यांचा ‘स्टॉकमन’ चाकू पाहावा. त्यात तीन पाती असतात. पहिले ‘क्लिप’ : पाठीचा पुढचा भाग छाटल्यासारखा, त्यामुळे टोक बारीक आणि खोचक. दुसरे ‘शीपफूट’ : धार अगदी सरळ, आणि पाठ पुढे वळून धारेला येऊन मिळालेली, टोक असे जवळजवळ नाहीच. मेंढ्यांचे वाढलेले खूर तासायला ते वापरीत. तिसरे ‘स्पे’ : पोट असलेले, पण टोक मुद्दाम बोथट. जनावरांचे खच्चीकरण करताना नको तिथे पाते रुतू नये म्हणून ही योजना. म्हणजे ज्यांना रोज चाकूवाचून गत्यंतर नव्हते, त्या माणसांनी तीनांपैकी दोन पात्यांची टोके स्वतः होऊन मोडून ठेवली! हे मला मोठे बोलके वाटते. ब्रिटिश खलाशांच्या चाकूचे पातेही सरळ धारेचे आणि बोथट नाकाचे असे. डोलणाऱ्या जहाजावर शेजाऱ्याच्या बरगडीत टोक जाऊ नये, हा हिशेब त्यामागे होता.

कोणी म्हणेल, टोक असले म्हणून बिघडले काय? बिघडते, आणि त्याचे कारण मिटणाऱ्या चाकूच्या रचनेतच आहे. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते उघडे राहते ते केवळ पाठीकडच्या स्प्रिंगच्या दाबावर. त्याला कडी-कुलूप नसते. धारेवर जोर दिला तर पाते आणखी घट्ट उघडे राहते. पण टोकाने काही भोसकायला गेलात तर तेच पाते मिटून आपल्या बोटांवर येऊ शकते. खोचक टोक नेमका तोच मोह घालते. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात १८९० मध्ये निघालेल्या ओपिनेल चाकूला पुढे १९५५ मध्ये फिरणारे कडे बसवावे लागले, ते उगीच नव्हे. त्या चाकूचे पाते मात्र मला आवडते. थोडे पोट, थोडे वर उचललेले टोक, आणि पातळ पोलाद. पाव, पेरू, चीज यांसाठी त्याच्याइतके सुबक पाते क्वचितच सापडेल. स्विस चाकूचे भाल्यासारखे मधोमध टोक असलेले पाते सगळ्यांशी जमवून घेणारे आहे, म्हणूनच त्याच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही.

आपल्याकडे चाकूची प्रतिमा ठरवली ती रामपुरीने; आणि रामपुरीची प्रतिमा ठरवली हिंदी चित्रपटांनी. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांचे कसब पडद्यावरच्या खलनायकाच्या मनगटात अडकून पडले. तेव्हापासून चाकू म्हणजे लांब पाते, खोचक टोक आणि खटका, हे समीकरण पक्के झाले, आणि मुलाच्या दप्तरात चाकू सापडणे हा गुन्हा ठरला. जपानमध्ये हेच अधिक वेगाने घडले. मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ हा दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा, साधा सरळ धारेचा चाकू तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशात असे. त्याने ती पेन्सिली तासत, बांबूची खेळणी करीत. ऑक्टोबर १९६० मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने समाजवादी नेते असानुमा यांना भर सभेत व्यासपीठावर भोसकले. हत्यार होते आखूड तलवार. पण ‘मुलांच्या हाती पाते नको’ अशी मोहीम उठली आणि त्यात पेन्सिलीचा चाकूही गेला. आज ते नाव हक्काने वापरणारा कारखाना मिकीत एकच उरला आहे. त्या आयांना मी दोष देणार नाही. परंतु पेन्सिल तासताना मुलाला आपल्या जोराचा अंदाज येतो, धारेच्या वाटेतून अंगठा बाजूला ठेवायची सवय लागते. हे शिक्षण गिरमिटासारख्या शार्पनरमधून कसे मिळावे, ते मला कोणी सांगितलेले नाही.

म्हणून कोणी मला विचारलेच, तर मी शीपफूट पाते सुचवीन. ते दिसायला ठोकळ आहे, हे मान्य. त्याहून देखणे हवे असेल तर शेफील्डचे ‘व्हार्नक्लिफ’ घ्यावे. धार तशीच सरळ, पण पाठ मुठीपासूनच उतरत आलेली. टोक बारीक, मात्र धारेच्या रेषेतच, त्यामुळे बोटाला ते कुठे आहे हे नेमके कळते. वर्तमानपत्रातले कात्रण कापायला याच्यासारखे दुसरे नाही. लांबी तीन इंचांच्या आत असावी. आपल्या शस्त्रविषयक नियमांतली नऊ इंचांची मर्यादा त्याच्यापासून फार दूर आहे. दोन पाती असलेला मिळाला तर दुसरे पोटाचे घ्यावे, फळांसाठी. आणि दुकानदाराने पाते खटकन उघडून दाखवलेच, तर ते शांतपणे त्याच्याकडून मागून घ्यावे, पट्टीवर आडवे ठेवावे आणि धार कुठपर्यंत टेकते ते पाहावे.