एप्रिलमधले दाखले

एप्रिल लागला की आमच्याकडे सकाळची शाळा सुरू होते. सातला प्रार्थना असते, म्हणून मला अमरावतीहून पहाटेची एस. टी. धरावी लागते. दर्यापूरकडच्या एका गावात माझी शाळा आहे. त्याआधी काही वर्षे मी अकोला जिल्ह्यात होते. दोन्हीकडचा उन्हाळा सारखाच. दहा वाजता टिनाचे छत तापते, अकरा वाजता मुले वहीने वारा घेऊ लागतात.

वर्षाचा हा शेवटचा महिना बाहेरच्यांना निवांत वाटतो. 'अभ्यासक्रम संपला, आता काय काम?' असे घरचेही म्हणतात. प्रत्यक्षात याच महिन्यात पेपर काढायचे, तपासायचे, वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, प्रगतिपुस्तके भरायची, पोषण आहाराचा ताळमेळ लावायचा आणि दुपारी घरोघर फिरून पहिलीच्या पटनोंदणीसाठी मुले शोधायची. 2024 साली 26 एप्रिलला अमरावती आणि अकोला या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान होते, म्हणून आम्ही मतपेट्यांच्या यंत्रांबरोबरही फिरलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी कामे आम्हाला देता येतात. 2025 साली परीक्षाच 25 एप्रिलपर्यंत लांबवल्या. 'विदर्भात त्या वेळी काय ऊन असते ते इथे येऊन पाहा' असे आम्ही सगळे म्हणत होतो. मग 1 मेला झेंडावंदन, निकाल, आणि सुटी. घरी आल्यावर कुरडया-पापड वाट पाहत असतातच. शिक्षिकेची सुटी म्हणजे घरच्या कामाची भरती, हे वाचणाऱ्या मैत्रिणींना वेगळे सांगायला नको.

पण मला आज या धावपळीबद्दल तक्रार करायची नाही. या महिन्यात शाळेच्या कार्यालयात जी एक गोष्ट घडते, आणि जिची कुठेच दखल घेतली जात नाही, तिच्याबद्दल बोलायचे आहे. ती म्हणजे दाखला.

आमची शाळा सातवीपर्यंत आहे. आठवीसाठी सहा-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जावे लागते. त्यामुळे दर एप्रिलमध्ये सातवीतल्या मुलामुलींचे पालक दाखला मागायला येतात. मुलाचा बाप येतो तेव्हा शाळेचे नाव सांगतो. कोणत्या हायस्कूलात, कोणाच्या ओळखीने, सायकल घ्यायची का, हेही सांगतो. मुलीचा बाप पुष्कळदा येतच नाही. आणि कधी एखादा निकालाच्या आधीच येतो आणि उभ्या उभ्या म्हणतो, "मॅडम, पोरीचा दाखला द्या जी."

काही वर्षांपूर्वी असाच एक बाप आला होता. मुलगी वर्गात पहिल्या पाचांत. मी विचारले, "कोणत्या शाळेत टाकता भाऊ?" तो म्हणाला, "पाहू जी." मी म्हटले, "निकाल तर लागू द्या." तो म्हणाला, "निकालाचं काय मॅडम, ते पासच हाये." मलाही पेपरांचा ढीग संपवायचा होता. दाखला लिहिला, मुख्याध्यापकांची सही घेतली, शिक्का मारला, दिला. त्या वर्षी आमची शाळा जूनच्या शेवटी उघडली. विदर्भात उन्हामुळे ती राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिराच उघडते. तेव्हा तिची मैत्रीण म्हणाली, "तिचं लगन झालं ना मॅडम, मे महिन्यात." मैत्रिणीला ते एप्रिलमध्येच ठाऊक होते. सगळ्या वर्गाला ठाऊक होते. मी विचारले असते तर मलाही कळले असते.

दाखला न देणे हा उपाय नव्हता, हे मी नंतर नीट वाचून समजून घेतले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, उशीर केला तर त्याच्यावर कारवाई होते. हा नियम चांगलाच आहे. पूर्वी फीसाठी, वर्गणीसाठी दाखले अडवून ठेवत, तो जाच त्याने थांबवला. पण कायद्याने दाखला दिला तो पुढच्या शाळेत जाण्यासाठी. पुढची शाळाच नसेल तर तो कागद कशासाठी, हे विचारायची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही.

आणि हा कागद साधा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवण्यासाठी जे पुरावे सांगितले आहेत, त्यांत पहिल्या क्रमांकावर शाळेचा जन्मतारखेचा दाखला आहे. वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी येते. म्हणजे मुलगी अठराची आहे की तेराची, याचा गावातला पक्का पुरावा आमच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरमध्ये असतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा. राज्यात खेड्यापुरता ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमले, अंगणवाडी सेविकेला मदतीला दिले. पण ग्रामसेवकाकडे चार गावे, आणि लग्नाची बातमी त्याच्याकडे मंडप पडल्यावर जाते. शिक्षिकेकडे ती महिनाभर आधी येते. फक्त ती बातमी आहे हे शिक्षिकेला कळत नाही, किंवा कळूनही ती मान खाली घालून शिक्का मारते. मी मारला होता.

पोषण आहाराचा हिशेब आम्ही ग्रॅममध्ये देतो. पाचवीपर्यंत दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, पुढे 150 ग्रॅम. पोते फाटून चार किलो सांडले तर खुलासा लिहावा लागतो. मुलगी सांडली तर खुलासा नाही. संगणकावरच्या यू-डायस नोंदीत, दाखला दिलेली पण पुढच्या शाळेने न घेतलेली मुले 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहतात. वरून पत्र येते की कप्पा रिकामा करा. तो रिकामा करणे म्हणजे मुलगी शोधून शाळेत बसवणे, असा अर्थ फार थोड्या ठिकाणी घेतला जातो.

आता कुणी म्हणेल, बाप दुष्ट असतात. मी इतक्या वर्षांत दुष्ट बाप थोडे पाहिले, घाबरलेले फार पाहिले. हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. मार्च संपला की नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि ते भरायला घरातली मुलगी. म्हणून एप्रिलमध्ये मुलींची हजेरी पडते. हिवाळ्यात कापूस वेचणीला ती पडलेलीच असते. शाळेत शौचालय आहे, पण पाणी नसले की त्याला कुलूप असते. सहावी-सातवीच्या मुली मग 'त्या' चार दिवसांत येत नाहीत. हजेरीपत्रकावर मात्र एकच खूण, गैरहजर. आई मजुरीला गेली की मोठी होत चाललेली मुलगी घरी एकटी, आठवीला गेली तर रस्त्यावर एकटी. आईच मला म्हणते, "तिले काही झालं तर लोक मलेच बोलतीन ना मॅडम." या भीतीला लग्न हे उत्तर नाही हे मला माहीत आहे. पण दुसरे उत्तर आपण तिच्या हातात ठेवले आहे का?

योजना नाहीत असे नाही. 1992 साली राज्याने दुर्बल घटकांतल्या चौथीपर्यंतच्या मुलींना हजेरीसाठी रोज 1 रुपया भत्ता सुरू केला. कित्येक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. गावापासून शाळेपर्यंत मुलींना एस. टी. चा मोफत पास आहे, त्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. मानव विकासच्या निळ्या गाड्या काही तालुक्यांत आहेत. पण पास असून गाडी शाळेच्या वेळेला नसेल तर पास घेऊन करायचे काय? गाडीची वेळ ठरवताना आगारात कुणी आठवीतल्या मुलीच्या आईला बोलावते का?

त्यात आता पाचवी आणि आठवीची परीक्षा आली. 2019 साली केंद्राने कायदा बदलला, 2023 साली राज्याने नियम केला. नापास झाले तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. अभ्यास पक्का व्हावा हे मलाही हवे आहे. वाचता न येणारे मूल पुढे ढकलणे ही फसवणूकच होती. पण नापास मुलगा पुन्हा वर्गात बसतो आणि नापास मुलगी घरी बसते, एवढे तरी नियम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते. पुनर्परीक्षेच्या दिवशी जी मुलगी आली नाही, तिच्या घरी कोण जाणार, हे त्या नियमात असायला हवे.

1942 च्या जुलैत नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्यांनी त्या काळात मुलींच्या शिक्षणाबरोबर संततिनियमनाचा मुद्दा मांडला. शाळा आणि मुलीचे शरीर यांचा संबंध त्यांना दिसत होता. आम्ही मात्र शाळेत फक्त पुस्तकाचे बोलतो आणि मुलीच्या आयुष्याचे बाकीचे सगळे घरचा प्रश्न म्हणून सोडून देतो.

त्या मुलीनंतर मी एक वही घातली आहे. दाखला मागितला की देते, पण पुढच्या शाळेचे नाव वहीत लिहून घेते. नाव सांगता आले नाही तर त्याच दिवशी दुपारी घरी जाते. एकटी नाही, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना घेऊन जाते. त्यांच्याइतके गाव मला ठाऊक नाही. या ताईंचे मानधन केंद्राने 2009 साली महिन्याला 1000 रुपये ठरवले, तेही वर्षातल्या 10 महिन्यांचे. सुटी लागली की आम्हाला पगार सुरू, त्यांचा बंद. तरी त्या माझ्याबरोबर उन्हात येतात. मागे एका घरी त्याच बोलल्या, मी नुसती बसून होते. "माह्यं बाराव्या वर्षी झालं होतं बाई. पाहून घे मले," एवढेच त्या त्या आईला म्हणाल्या. ती मुलगी आठवीत गेली. दुसऱ्या एका घरी आम्हाला पाणीही विचारले नाही, आणि ती मुलगी गेलीच. वहीत दोघींची नावे आहेत.

एका शिक्षिकेच्या वहीने हे होणार नाही. बदली झाली की वही माझ्याबरोबर जाईल. म्हणून संघटनांच्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे. आपण 8 मार्चला गावात येता, 3 जानेवारीला येता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने निम्म्या बाया आहेत. त्यांची बैठक लावायला सांगा. पाचवी आणि सातवीतल्या प्रत्येक मुलीचे नाव वाचा, पुढची शाळा कोणती, गाडी कोणती, सोबत कोण, हे तिच्या आईसमोर लिहून घ्या. 1098 हा नंबर भिंतीवर आहे, तो मुलींना पाठ करून घ्या. आगाराला अर्ज जूनमध्ये नको, मेमध्ये द्या. आणि स्वयंपाकी ताईंच्या राहिलेल्या दोन महिन्यांच्या मानधनाची मागणी आपल्या मागण्यांत घाला. मग शाळा उघडली की तीच यादी घेऊन पुन्हा या.

या वर्षी माझ्या वर्गात सातवीला अकरा मुली आहेत. नऊ जणींपुढे शाळेचे नाव लिहून झाले आहे. दोन जागा अजून कोऱ्या आहेत.