विश्लेषण : गाडी तुमची, पण पंप बसवायला परवानगी कुणाची?

वाळूत, चिखलात किंवा दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडी घालणाऱ्यांचा पहिला नियम साधा असतो. आत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्यावर परत येताना ती पुन्हा भरायची. हवा सोडायला एखादी काडीही पुरते. भरायला मात्र पंप लागतो, आणि वाळवंटाच्या कडेला पंक्चरवाला बसलेला नसतो.

त्यामुळेच काही कंपन्या आता एअर कंप्रेसर गाडीतच बसवून देऊ लागल्या आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये नवी ‘लँड रोव्हर डिफेंडर’ समोर आली, तेव्हा तिच्या ‘ॲडव्हेंचर पॅक’मध्ये डिकीच्या बाजूला बसवलेला कंप्रेसर होता. टोयोटाने अमेरिकेत ‘टकोमा’ आणि ‘फोररनर’ या गाड्यांच्या ‘ट्रेलहंटर’ प्रकारात ‘एआरबी’ या ऑस्ट्रेलियन कंपनीचा कंप्रेसर कारखान्यातूनच दिला.

गाडी घेताना ज्यांनी हा पर्याय निवडला नाही, त्यांच्यापैकी काहींना वर्षभराने तो हवासा वाटतो. तोच सुटा भाग मागवून जुन्या गाडीत बसवायचा, यालाच ‘रेट्रोफिट’ म्हणतात. कागदावर हे काम चार बोल्ट आणि एका वायरचं आहे. पण आजच्या गाडीत नवा भाग बसवणं आणि गाडीने तो भाग ‘आपला’ म्हणून स्वीकारणं, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत.

हवा कमी करायचीच कशाला?

टायरमधला दाब कमी केला की टायर खाली पसरतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो. गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, त्यामुळे चाक वाळूत खणत बसण्याऐवजी तिच्यावरून पुढे सरकतं. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास असलेला दाब वाळूसाठी १५ ते १८ पर्यंत खाली आणला जातो. ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालक केबिनमध्ये बसूनच टायरचा दाब कमी-जास्त करू शकत असे.

प्रश्न येतो तो परत हवा भरताना. डिफेंडरच्या १९ इंची चाकावरच्या २५५/६५ मापाच्या टायरमध्ये साधारण ८० लिटर जागा असते. दाब १८ वरून ३६ पीएसआयवर न्यायचा तर बाहेरची जवळपास १०० लिटर हवा आत कोंबावी लागते. चार टायरचे झाले ४०० लिटर. मिनिटाला ३० ते ३५ लिटर हवा देणाऱ्या छोट्या पंपाला हे काम नुसत्या गणिताने ११ ते १३ मिनिटांचं आहे. प्रत्यक्षात दाब वाढत जातो तशी पंपाची गती घटते, पंप तापतो, मध्ये थांबवावा लागतो. अर्धा तास सहज जातो, तोही उन्हात. मिनिटाला १७० लिटरच्या घरात हवा देणारा मोठा जोड-सिलिंडरचा कंप्रेसर हेच काम काही मिनिटांत उरकतो.

मग सगळे मोठाच पंप का घेत नाहीत? कारण वीज. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला बहुधा १५ ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे तिथून २०० वॉटच्या आसपासच शक्ती मिळते. मोठा कंप्रेसर ५० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. त्यासाठी थेट बॅटरीपासून जाड वायर, योग्य फ्यूज आणि रिले लागतो. ही वायर कुठून न्यायची, कुठे घासणार नाही, पाणी कुठे लागणार नाही, पंपाची उष्णता कुठून बाहेर पडणार, हे सगळं कारखान्यात इंजिनिअर ठरवतात. बाहेर ते गॅरेजमधला माणूस ठरवतो. तो किती जाणकार आहे त्यावर सगळं अवलंबून.

कंपनीच्याच भागाचा मोह इथून सुरू होतो. त्याच्यासाठी गाडीत जागा राखलेली असते, पॅनेलवर झाकण असतं, ब्रॅकेट नेमका बसतो. डिकीत पंप गडगडत फिरत नाही. शिवाय गाडी विकताना ‘ओरिजिनल’ या शब्दाला आपल्याकडे जी किंमत आहे, ती वेगळीच.

बोल्ट सोपे, यादी अवघड

इथे दोन शक्यता असतात. पहिली, पंपाला नुसता करंट हवा आहे : स्वतःचा फ्यूज, स्वतःचं बटण, संपलं. अशा वेळी भाग कंपनीचा असो वा बाहेरचा, गाडीच्या संगणकाला त्याची खबरही लागत नाही. दुसरी शक्यता म्हणजे पंपाचं चालू-बंद होणं गाडीच्या एखाद्या कंट्रोल मॉड्यूलच्या हातात आहे. इंजिन सुरू असेल तरच पंप चालावा, बॅटरी उतरायला लागली की बंद व्हावा, स्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसावं. सोय म्हणून हे चांगलंच आहे. पण मग गाडीला आधी कळावं लागतं की आपल्यात असा पंप आहे.

हे ‘कळणं’ एका यादीत असतं. जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांमध्ये तिला ‘कार कॉन्फिगरेशन फाइल’ म्हणतात. कारखान्यातून निघताना गाडीत काय काय बसवलंय, ती कोणत्या देशासाठी आहे, याची ही नोंद. या यादीत पंप नसेल तर तो नेमक्या जागी बसवूनही मॉड्यूलच्या लेखी अस्तित्वात नसतो. यादी बदलायची तर कंपनीचं ‘पाथफाइंडर’ हे डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर किंवा त्याच्याशी जुळणारं बाहेरचं साधन लागतं. बाहेरच्या साधनाने बदल केला तरी पुढे कधी अधिकृत वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की कारखान्याची मूळ नोंद परत येण्याची शक्यता राहते. पंप तिथेच, वायर तिथेच, पण बटण दाबलं तर शांतता.

कुलूप लावलं कुणी?

कंपन्यांकडे याचं एक खरंखुरं उत्तर आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी रस्त्यावर धावणाऱ्या ‘जीप चेरोकी’चा ताबा दुरून, इंटरनेटवरून घेऊन दाखवला. त्यानंतर फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. या प्रकाराने गाडीचं नेटवर्क उघडं ठेवणं किती धोक्याचं आहे, हे सगळ्या उद्योगाला दिसलं. पुढे या कंपनीने गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमागे ‘सिक्युरिटी गेटवे’ नावाची भिंत उभी केली. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम लागू आहे.

पण कुलूप एकदा बसलं की चावी विकताही येते. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियासह काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक शुल्काचा पर्याय ठेवला. सीटखालचं हीटर गाडीत आधीपासूनच बसवलेलं, पैसे फक्त ते चालू करण्याचे. ग्राहक संतापले आणि २०२३ मध्ये कंपनीने ती योजना गुंडाळली. हॅकर आणि गिऱ्हाईक या दोघांनाही एकच भिंत अडवते. ती कुणासाठी बांधली, हे बाहेरून सांगता येत नाही. या वादाची मेख हीच.

युरोपात हे प्रकरण न्यायालयात गेलं. काच बदलणारी एक कंपनी आणि गॅरेजची एक साखळी यांनी फियाट क्रायस्लरच्या इटलीतल्या कंपनीविरुद्ध तक्रार केली, की गेटवेमागे जायला आधी नोंदणी करा, इंटरनेटवरून जोडा आणि पैसे भरा, अशी अट घातली जाते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात नसलेल्या अशा अटी उत्पादकाला घालता येणार नाहीत. सायबर सुरक्षेचं कारण पुढे करूनही नाही.

स्वतंत्र गॅरेजसाठी हा मोठा विजय होता. पंप बसवू पाहणाऱ्याला मात्र त्याचा फायदा अर्धामुर्धाच. ‘राइट टू रिपेअर’चे कायदे जगभर ज्या भाषेत लिहिले आहेत ती दुरुस्तीची भाषा आहे : जे होतं आणि बिघडलं, ते पूर्ववत करणं. रेट्रोफिट म्हणजे जे नव्हतंच ते आणणं. कंपनी म्हणू शकते की हा पर्याय आम्ही विकत होतो, तुम्ही घेतला नाहीत, आता मागच्या दाराने का? मालक म्हणू शकतो की भाग तुमच्याकडूनच विकत घेतला, पूर्ण पैसे मोजले, मग यादीतली एक ओळ बदलायला नकार कशाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटणारं आहे. ब्रेक किंवा एअरबॅगच्या बाबतीत कंपनीची भीती समजू शकते. हवेच्या पंपाला तेच निकष लावायचं कारण दिसत नाही.

भारतात काय?

जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे आहे. डिफेंडर बनते स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे, पण आपल्या रस्त्यांवर ती आता नवलाची राहिलेली नाही. मात्र हा प्रश्न महागड्या गाड्यांपुरता नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर : सुटे भाग आणि डायग्नोस्टिक साधनं खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत म्हणून. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या टाटा मोटर्सवर होती. दंडाला अपिलात आव्हान मिळालं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण इथेही शब्द दुरुस्तीचाच.

आरटीओचं काय, हा पुढचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. इंजिन, चासी, बॉडी यांना हात न लावणारा पंप आरसीवरचा कोणताही रकाना बदलत नाही. खरी जोखीम विम्याची आहे. वायरिंगमधून आग लागली तर कंपनी सर्वात आधी बाहेरून केलेली जोडणी शोधते. बसवलेली इलेक्ट्रिक ॲक्सेसरी पॉलिसीत दाखवून तिचा वेगळा प्रीमियम भरता येतो, हे अनेकांच्या गावीही नसतं.

वॉरंटीचंही तसंच. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे वाद झालाच तर तो ग्राहक आयोगात लढावा लागतो.

सामान्य गाडीवाल्याला एवढं सगळं लागतं का? बहुतेकांना नाही. केंद्राच्या २०२० च्या नियमानुसार टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या कारला स्टेपनीची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे छोटा पंप तसाही अनेक डिकींमध्ये पोचला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर गाडी रुतल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात. तिथे पंपापेक्षा पुळणीवर गाडी न घालण्याचा शहाणपणा जास्त कामाचा, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवणं बेकायदाच आहे. लडाख किंवा थरच्या वाळवंटात वर्षातून दोनदा जाणाऱ्यालाही बॅटरीला चिमटे लावून चालणारा चांगला पंप पुरतो. त्याला कुणाच्या यादीत नाव लागत नाही.

तरीही कंपनीचाच हवा असेल, तर अपघातग्रस्त गाडीतून काढलेला स्वस्त पंप घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याचा पार्ट नंबर आपल्या गाडीच्या मॉडेल वर्षाशी जुळतो का, आणि तिच्या मूळ हार्नेसमध्ये त्याचा प्लग आहे का. प्लग नसेल तर डिकीचं अर्धं अस्तर उघडावं लागतं. आणि भाग मागवण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला ईमेलवर विचारायचं : बसवल्यावर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंद करून द्याल का, आणि पुढच्या अपडेटनंतर ती टिकेल का? काउंटरवर तोंडी ‘हो जाएगा सर’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी त्याच काउंटरवर असेलच असं नाही.