तारपावाला कुठे ताठ उभा असतो?

यंदा स्नेहसंमेलनात आमच्या चौथीतल्या एका मुलीला स्वागतगीत म्हणायचं होतं. वर्गात बाकावर बसून गायली की तिचा आवाज थेट व्हरांड्याच्या टोकाला जायचा. पण व्यासपीठावर उभी केली की हनुवटी छातीला टेकायची, खांदे कानांना भिडायचे. आणि आवाज? पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचेना!

मी नेहमीचाच उपाय केला. "ताठ उभी राहा!" म्हणून ओरडले. झालं! पोरगी झेंड्याच्या काठीसारखी ताठ. गुडघे घट्ट, मुठी घट्ट, पोट आत. आता तर दुसऱ्याच ओळीला दम संपू लागला.

चूक तिची नव्हती, माझी होती. ते मला कळलं दिवाळीच्या सुट्टीत, पाड्यावर तारपा नाच बघताना. आमची चिंचणी डहाणू तालुक्यातली, त्यामुळे तारपा आम्हाला घरचाच. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं यांचं हे वारली वाद्य. वाजवणारा ताठ कुठे असतो? तो गुडघ्यांत सैल, कमरेत वाकलेला, डुलत चाललेला! तरी सूर भरदार. तो मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती, आणि त्याला पाठ कुणी दाखवायची नाही. तो वळला की अख्खा फेर वळतो. वारली चित्रांतला तो गोल आठवतो ना?

गंमत अशी, की श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल खाली सरकतं. पोट आवळून धरलं तर ते सरकणार कुठे? श्वास अपुरा पडला की सूर थरथरतो, आणि सूर थरथरला की आपण आणखी घाबरतो.

जुने गवई शिष्याला आरशासमोर बसवून गायला लावत. गाताना तोंड वेडंवाकडं होतं, त्याला 'मुद्रादोष' म्हणतात. मग पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११) हात हवेत फिरवत, मान झटकत गायचे, त्याचं काय? अहो, त्यांचे हात सुराच्या मागून जात. आमच्या वर्गातल्या दोन बहाद्दरांनी नुसते हात उचलले, सूर घरीच राहिला!

२०१० मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सांगितलं होतं, की छाती काढून रुबाबात दोन मिनिटं राहिलं तरी शरीरातले स्राव बदलतात. २०१५ मध्ये २०० जणांवर तसाच प्रयोग पुन्हा झाला. स्राव काही बदलले नाहीत. माणसांना जरा धीर आल्यासारखं वाटलं, एवढंच. नाही म्हणायला तेही काही कमी नाही.

मग मी त्या मुलीला सांगितलं, "आधी हात झटक. गुडघे सैल सोड. श्वास पूर्ण बाहेर टाक, मग आत घे. आणि समोरच्या घड्याळाकडे बघून गा." आठ दिवस हेच चाललं.

संमेलनाच्या दिवशी आई पहिल्याच रांगेत. "हस, हस!" अशा खुणा करायला लागली. (आईबाबांनो, हात जोडते, खुर्चीतून खुणा करू नका हो!) मुलगी गडबडली, हनुवटी खाली जायला लागली. मी पडद्याआडून बघतेय. तिने खांदे सोडले, गुडघे किंचित वाकवले, श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या गोळेवाल्याने मला थांबवलं. "बाई, काल गात होती ती कोणाची पोर हो?"