विश्लेषण : लॉ स्कूल सुरू होण्याआधीच परीक्षेचा सराव? अमेरिकेतील भावी वकील उन्हाळ्यातच कामाला का लागतात?

अमेरिकेत लॉ स्कूलचे वर्ग साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात. प्रवेश पक्का झाला आहे, पण वर्ग अजून भरलेले नाहीत, अशा विद्यार्थ्याला तिथे ‘झीरो-एल’ म्हणतात. वर्ग सुरू झाले की तो ‘वन-एल’ होतो. या मधल्या उन्हाळ्यात काय करावे, या प्रश्नावर प्राध्यापकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर एकच आहे: आराम करा, फिरा, कायद्याच्या पुस्तकांना हातही लावू नका. तरीही अनेक विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून उत्तरे लिहीत बसतात. जो विषय अजून शिकवलाच नाही, त्याच्या परीक्षेचा सराव करण्यात काय अर्थ आहे? आणि ही घाई नेमकी कशामुळे?

पहिल्या सहामाहीला इतके महत्त्व का?

अमेरिकेत वकिलीची पदवी तीन वर्षांची असते आणि ती पदवीनंतर घेता येते. पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: करार, अपकृत्य (टॉर्ट), मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी कायदा, राज्यघटना आणि कायदेविषयक लेखन. यातल्या बहुतेक विषयांची श्रेणी सत्राच्या शेवटी होणाऱ्या तीन-चार तासांच्या एकाच परीक्षेवर ठरते.

ही श्रेणीही स्वतंत्र नसते, ती ‘कर्व्ह’वर दिली जाते. वर्गाची सरासरी किती असावी हे आधीच ठरलेले असते आणि अनेक ठिकाणी ती ‘बी-प्लस’च्या आसपास असते. त्यामुळे सगळ्यांनी उत्तम लिहिले तरी सगळ्यांना ‘ए’ मिळत नाही. शेजारच्यापेक्षा सरस लिहिणाऱ्यालाच वरची श्रेणी मिळते. येलसारखे अपवाद आहेत. तिथे पहिल्या सत्राला श्रेणीच दिली जात नाही. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये पारंपरिक ए-बी-सीऐवजी ‘ऑनर्स’, ‘पास’ अशी पद्धत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र कर्व्हपासून सुटका नाही.

या श्रेणींचा थेट संबंध नोकरीशी आहे. मोठ्या लॉ फर्ममध्ये नवख्या वकिलाचा वार्षिक पगार २०२३ च्या अखेरीपासून २ लाख २५ हजार डॉलरवर गेला आहे. पूर्वी या फर्म दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मुलाखती घेत. तेव्हा त्यांच्यासमोर पूर्ण वर्षाची गुणपत्रिका असे. भरतीच्या वेळापत्रकाची शिस्त सांभाळणाऱ्या ‘नॅल्प’ या संघटनेने २०१८ मध्ये तारखांचे बंधन काढून टाकले. त्यानंतर भरती हळूहळू अलीकडे सरकत गेली. आता अनेक फर्म पहिल्याच वर्षाच्या वसंत ऋतूत अर्ज मागवतात. त्या वेळी विद्यार्थ्याच्या हातात फक्त पहिल्या सहामाहीचा निकाल असतो, म्हणजे डिसेंबरमध्ये दिलेले तीन-चार पेपर.

पैशांचे गणित कसे बदलले?

नामांकित खासगी लॉ स्कूलचे वार्षिक शुल्क ७० हजार डॉलरच्या पुढे गेले आहे. आतापर्यंत उच्च शिक्षण घेणाऱ्यांना ‘ग्रॅड प्लस’ या सरकारी योजनेतून शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज मिळू शकत होते. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या काळात झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर ठरवली. उरलेला खर्च घरच्या पैशातून, खासगी कर्जातून किंवा शिष्यवृत्तीतून भागवावा लागतो.

यातली शिष्यवृत्तीच परीक्षेशी जोडलेली असू शकते. काही लॉ स्कूल प्रवेशाच्या वेळी सशर्त शिष्यवृत्ती देतात. ठरावीक सरासरी राखली नाही तर पुढच्या वर्षी ती कमी होते किंवा बंद होते. वर्ग कर्व्हवर असल्यामुळे काही जणांची शिष्यवृत्ती जाणार हे गणितानेच ठरते. किती जणांची गेली याची आकडेवारी प्रसिद्ध करणे अमेरिकन बार असोसिएशनने लॉ स्कूलना बंधनकारक केले आहे. म्हणजे एका खराब डिसेंबरची किंमत हजारो डॉलरमध्ये मोजावी लागू शकते.

परीक्षा इतकी वेगळी कशी?

हार्वर्डचे डीन ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी १८७० च्या दशकात खटल्यांच्या आधारे शिकवण्याची पद्धत रुजवली. विद्यार्थी जुने निकाल वाचून येतात, प्राध्यापक वर्गात कोणालाही उभे करून उलटसुलट प्रश्न विचारतात. सगळे सत्र असेच जाते. परीक्षेत मात्र ‘अमुक निकाल सांगा’ असे कोणी विचारत नाही. तिथे एक-दोन पानांची काल्पनिक घटना दिलेली असते. तिच्यात कायद्याचे किती प्रश्न दडले आहेत हे शोधायचे आणि प्रत्येकावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा. याला ‘इश्यू स्पॉटर’ म्हणतात. अनेकदा पुस्तके आणि टिपणे जवळ ठेवायला परवानगी असते, कारण पाठांतराला तिथे फारसा भाव नसतो.

उत्तराचा सर्वमान्य साचा ‘आयरॅक’ या नावाने ओळखला जातो: मुद्दा, नियम, नियमाचा घटनेला लावलेला उपयोग आणि निष्कर्ष. सर्वाधिक गुण तिसऱ्या टप्प्याला असतात. वर्षभर वाचायचे एक आणि परीक्षेत लिहायचे दुसरेच, या विसंगतीमुळे हुशार विद्यार्थीही पहिल्या पेपरला गोंधळतात.

एक नमुना प्रश्न पाहू

समजा, एका दुकानाने समाजमाध्यमावर लिहिले: ‘शनिवारी सकाळी ९ वाजता पहिल्या ग्राहकाला ९०० डॉलरचा लॅपटॉप १० डॉलरला. एकच नग.’ एक तरुण शुक्रवारी रात्रीपासून दारात बसला. सकाळी ८ वाजता दुकानाने ती पोस्ट काढून टाकली. तरुणाने ते पाहिले नाही. ९ वाजता दुकानदाराने लॅपटॉप द्यायला नकार दिला. करार झाला का?

नवखा विद्यार्थी ‘हो, दुकानदाराने शब्द मोडला’ असे लिहून मोकळा होतो. सराव असलेला विद्यार्थी किमान चार मुद्दे काढतो.

पहिला मुद्दा, जाहिरात हा ‘प्रस्ताव’ ठरतो का? सर्वसाधारण नियम ‘नाही’ असा आहे. १९९९ च्या लिओनार्ड विरुद्ध पेप्सिको खटल्यात ७० लाख पॉइंटांच्या बदल्यात हॅरियर लढाऊ विमान दाखवणारी जाहिरात न्यायालयाने प्रस्ताव मानली नाही. कोणताही समजदार माणूस ती गंभीरपणे घेणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. उलट १९५७ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने लेफ्कोविट्झ खटल्यात ‘एक डॉलरला फरचा स्टोल, प्रथम येणाऱ्यास’ ही जाहिरात प्रस्ताव ठरवली. वस्तू, किंमत आणि कोणाला मिळणार हे तिच्यात स्पष्ट होते. आपला लॅपटॉप कोणाच्या जवळ जातो?

दुसरा मुद्दा, पोस्ट काढल्याने प्रस्ताव मागे घेतला गेला का? तरुणाला ते कळायला हवे होते, की पोस्ट जशी जाहीर केली तशी काढली एवढे पुरेसे? तिसरा, रात्रभर दारात बसणे ही अट पूर्ण करण्याची सुरुवात, की नुसती तयारी?

चौथ्या मुद्द्यात सापळा आहे. ५०० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालाच्या विक्रीचा करार लेखी लागतो, हा नियम पाठ केलेला विद्यार्थी ९०० चा आकडा पाहून तो लागू करतो. पण नियम कराराच्या किमतीबद्दल आहे आणि इथे ती १० डॉलर आहे. नियम पाठ असणे आणि तो वापरता येणे, यातला फरक या एका आकड्यात दिसतो.

मग आधी सराव केल्याने फायदा होतो का?

सरावाच्या बाजूने मानसशास्त्रातला एक भक्कम दाखला दिला जातो. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून आठवणीतून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून पाहणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले. वाचताना ‘समजले’ असे वाटणे फसवे असते, हे यातून दिसते.

दुसरा मुद्दा नजरेचा आहे. परीक्षेत काय विचारतात हे माहीत असेल तर सत्रभर वाचताना विद्यार्थी निकालातली नेमकी गोष्ट टिपतो: नियम कोणता, आणि कोणती घटना बदलली असती तर निकाल फिरला असता? रिचर्ड मायकेल फिशल आणि जेरेमी पॉल या प्राध्यापकांचे १९९९ चे ‘गेटिंग टू मेबी’ हे पुस्तक याच कारणासाठी वाचले जाते. परीक्षेत ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा ‘कदाचित, आणि का’ हे लिहिण्याला गुण मिळतात, असे त्याचे सार आहे.

प्राध्यापकांचा विरोध कशासाठी?

विरोधातली कारणेही हलकी नाहीत. परीक्षा त्या त्या प्राध्यापकाची असते. एक जण करारात नुकसानभरपाईवर महिना घालवतो, दुसरा तो भाग आठवड्यात संपवतो. बाजारातल्या मार्गदर्शकातून पाठ केलेला नियम वर्गात शिकवलेल्या नियमाशी जुळला नाही तर गुण जातात. आधीची चुकीची समज पुसणे हे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड असते. शिवाय उत्तर तपासणारे कोणी नसेल तर तीच चूक पक्की होते.

थकवा हेही कारण आहे. जूनपासून धावणारा विद्यार्थी डिसेंबरला, म्हणजे खरी परीक्षा असते तेव्हा, दमलेला असू शकतो. आणि कर्व्हचा तर्क लावला तर सगळ्यांनीच आधी सराव केला की कोणालाच आघाडी मिळत नाही. उन्हाळा तेवढा सगळ्यांचा जातो.

सरावाचे साहित्य मिळते कुठे?

प्रवेशपूर्व शिकवण्या मिळतात, पण त्यांना पैसे मोजावे लागतात. अनेक लॉ स्कूलच्या जुन्या प्रश्नपत्रिका फक्त तिथल्या विद्यार्थ्यांनाच उघडता येतात. सर्वांना मोफत मिळणारा एक साठा मात्र कॅलिफोर्नियात आहे. मान्यता नसलेल्या लॉ स्कूलमध्ये किंवा वकिलाच्या कचेरीत राहून शिकणाऱ्यांना तिथे पहिल्या वर्षानंतर एक परीक्षा द्यावी लागते. तिचे बोलीतले नाव ‘बेबी बार’. करार, टॉर्ट आणि फौजदारी कायदा हे तीन विषय, चार निबंधवजा प्रश्न आणि १०० बहुपर्यायी प्रश्न. किम कार्दाशियनमुळे ही परीक्षा जगभर माहीत झाली. २०२१ मध्ये चौथ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली. कॅलिफोर्निया बार या परीक्षेचे जुने प्रश्न आणि निवडक उत्तरे संकेतस्थळावर ठेवते.

चॅटबॉटकडून प्रश्न तयार करून घेण्याचा मार्गही आता आहे, पण त्याने सांगितलेले खटले तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले बनावट निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५ हजार डॉलर दंड झाला होता.

फायदा सर्वाधिक कोणाला?

ज्याच्या घरात आई-वडील किंवा काका वकील आहेत, त्याला ‘आयरॅक’ म्हणजे काय हे जेवणाच्या टेबलावर कळलेले असते. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी लॉ स्कूलला चालले आहे, त्याला ते डिसेंबरमध्ये कळते. ही दरी ओळखून अमेरिकन इंडियन लॉ सेंटर ही संस्था १९६७ पासून न्यू मेक्सिकोत मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग चालवते. तिथे दोन महिन्यांत पहिल्या सत्राचा अनुभव दिला जातो: वाचन, उलटप्रश्न आणि परीक्षाही. ‘आराम करा’ हा सल्ला सर्वांना सारखा लागू होत नाही, हे या उपक्रमाने सहा दशकांपूर्वीच ओळखले होते.

भारतीय विद्यार्थ्यांचा संबंध काय?

भारतातून एलएलबी करून अमेरिकेत जाणारे बहुतेक जण एक वर्षाच्या एलएलएमला जातात. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांपासून ते सुटतात, पण अनेक वर्गांत ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून तसाच ‘इश्यू स्पॉटर’ सोडवतात. श्रेणीचे निकष त्यांच्यासाठी अनेकदा वेगळे असतात, पेपरचा साचा मात्र तोच. मुंबई विद्यापीठाच्या विधी परीक्षेत टिपा आणि दीर्घोत्तरी प्रश्नांबरोबर घटनेवर आधारित छोटे प्रश्नही असतात. तेवढी ओळख उपयोगी पडते. पण तिथे चार ओळींची घटना असते आणि बहुधा एक अपेक्षित उत्तर. इथे दोन पाने घटना आणि दोन्ही बाजू मांडायच्या. वर्षच एक असल्यामुळे पहिला पेपर ‘शिकण्यासाठी’ खर्ची घालायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

मग किती सराव पुरे?

दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र ठेवले तर उत्तर मध्ये कुठेतरी सापडते. वर्ग सुरू होण्याआधी कायदा पाठ करण्यात फारसा लाभ नाही. परीक्षेचा आकार ओळखण्यात आहे, आणि त्याला पूर्ण उन्हाळा लागत नाही. एकाच विषयाचे, उदाहरणार्थ कराराचे, प्रस्ताव आणि स्वीकृती यांचे मोजके नियम समोर ठेवायचे, वेळ लावून दोन-तीन प्रश्न लिहायचे आणि नमुना उत्तराशी ताडून आपले कोणते मुद्दे सुटले ते पाहायचे. एवढ्यावर थांबता येते.

खरा सराव सत्र सुरू झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायचा असतो. तेव्हा त्याच प्राध्यापकाच्या जुन्या प्रश्नपत्रिका हातात येतात आणि लिहिलेले उत्तर घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन ‘यात काय कमी आहे?’ असे विचारता येते. अमेरिकन बार असोसिएशनने २०१४ मध्ये लॉ स्कूलना अभ्यासक्रमात अधूनमधून मूल्यमापन करून विद्यार्थ्यांना अभिप्राय देण्यास सांगितले आहे. ते पहिल्या सत्राच्या प्रत्येक विषयात नीट होऊ लागले, तर उन्हाळ्यात एकट्याने घड्याळ लावून बसण्याची गरज आपोआप कमी होईल. भरतीची तारीख मात्र अलीकडेच सरकत राहिली, तर ‘आराम करा’ हा सल्ला ऐकणारे आणखी कमी होतील.